सेलावर कोणी नाही

इंदिरानगर, नाशिक
१२ जानेवारी २०२५

नाना,

वर काय लिहायचं यातच दोन कागद वाया गेले. 'तीर्थरूप' लिहिलं, तर ते परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिल्यासारखं वाटलं. 'प्रिय' लिहावं, तर तुम्ही म्हणाल पोरगी नाशकात राहून बिघडली. म्हणून नुसतं नाना. आई असती तर तिच्या फोनवर निरोप दिला असता आणि तिने तो तुमच्या उजव्या कानाशी ओरडून सांगितला असता, वाटेत थोडी साखर घालून. तिला जाऊन दोन वर्षं होतील आता. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि शेजारच्या योगेशच्या तोंडून सगळंच काही कळवता येत नाही. राहिलं पत्र.

कामाचं सांगते. येत्या शनिवारपासून संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर 'शेवटचा तळ' नावाची मालिका लागणार आहे. मालिका परदेशी, पण मराठीत बोलणारी. आकाशातलं युद्ध आहे, यानं आहेत, तोफा आहेत, दुसऱ्या ग्रहांवरची माणसं आहेत. तिचं मराठी मी लिहिते. ती माणसं इंग्रजीत जे बोलतात ते त्यांच्या ओठांत बसेल असं मराठीत लिहून द्यायचं, मग आमच्या छोट्याशा स्टुडिओत कलाकार ते बोलतात. शाळेची नोकरी सोडून तीन वर्षं मी हेच करते आहे. आईने तुम्हाला हे सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

तुम्ही बातम्या आणि कुस्ती सोडून काही बघत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ही बघा. नाही आवडली तर बंद करा, मी काही तिथे येऊन बसणार नाही.

हे शेवटचं वाक्य फटकळ झालं. खोडत नाही, कारण खरंच आहे. एकोणीस वर्षांत मी घरी सात वेळा आले, त्यातली एक खेप आईच्या दहाव्याची. प्रत्येक वेळी तुम्ही विचारलंत, जेवलीस का, आणि मी म्हटलं, हो. मग मी परतीची गाडी धरली. मला याहून जास्त बोलायचं होतं. अजून आहे.

मालिकेत एक कप्तान आहे, ओरेन नावाचा. त्याच्याकडे लक्ष ठेवा.

निकिता


१० फेब्रुवारी २०२५

नाना,

योगेशचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, नानांनी टीव्हीचा आवाज एवढा लावला हाय, की गिरणीत बसून मला आख्खी लढाई ऐकू येती. बाया दळण घ्यायला येतात अन् कप्तानाचं काय झालं ते इचारून जातात." मी फोन ठेवून ओट्याशी एकटीच हसत उभी राहिले आणि दूध उतू गेलं. चार भाग झाले आणि तुम्ही चारही बघितलेत! मला वाटलं होतं, पहिल्या दहा मिनिटांत बातम्या लावाल.

तुम्ही बघता आहात म्हटल्यावर आता थोडी फुशारकी मारते. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणूस समोरून बोलत असला की त्याचे ओठ मिटतात तिथे आपलं प, ब किंवा म यावं लागतं, नाहीतर तोंड एकीकडे आणि बोलणं दुसरीकडे. एका वाक्यासाठी कधी अर्धा तास जातो. पण माणसाने पाठ फिरवली की आमची चंगळ. ओठच दिसत नाहीत, मग काय वाटेल ते घाला. रेडिओवरून येणारा आवाजही तसाच. बोलणारा दिसतच नाही, त्यामुळे विचारायला कोणी येत नाही.

ओरेनचा आवाज देतो तो संघर्ष पगारे. नाटकातला माणूस आहे, जीव ओतून बोलतो आणि प्रत्येक ओळीवर माझ्याशी भांडतो. चौथ्या भागात ओरेन सैनिकांना सांगतो ना, की मदत दोन दिवसांवर आली आहे, आणि मदत मुळी निघालेलीच नसते? संघर्ष चहाच्या वेळी मला म्हणाला, "मॅडम, हा हिरो आणि हा खोटं बोलतो? पोरं त्याच्या शब्दावर मरायला उभी राहतात." मी म्हटलं, खरं सांगितलं असतं तर पळाली असती आणि मागची वस्ती मेली असती. तो म्हणाला, "असेल, पण मला ते बोलताना घाण वाटली." मी त्याला म्हटलं, वाटू दे, आवाजात येईल.

तुमचं मत योगेशकडून कळलं. त्याने जसंच्या तसं सांगितलं. "खोटं बोलला ते बराबर केलं. पण दोन दिवसांनी त्यानंच जाऊन पोरांना सांगाया पायजे, दुसऱ्याला धाडू नये." पुढच्याच भागात ओरेन नेमका स्वतः जातो. तुम्हाला आधीच कसं कळलं?

तुमच्याशी असं बोलता येईल हे मला माहीत नव्हतं. शनिवारी सात वाजता मीही इथे टीव्ही लावते. मला ओळ न् ओळ पाठ आहे, तरी लावते. तुम्ही त्याच वेळी तेच बघत असता, एवढ्यासाठी.

निकी


१६ मार्च २०२५

नाना,

येत्या शनिवारी दहावा भाग आहे. तो चुकवू नका. लाइट जाणार असेल तर योगेशला सांगून इन्व्हर्टरवाल्यांच्या घरी जा, पण बघा.

आधीच गोष्ट सांगते, म्हणजे स्फोटांच्या गोंधळात काही सुटायला नको. आकाशात एक प्रचंड द्वार आहे. त्यातून यान गेलं की क्षणात कुठल्या कुठे निघतं. शत्रूचं सगळं आरमार त्या द्वारातून येणार आहे. अलीकडे चार लाख माणसांची वस्ती. ओरेनने द्वार उडवलं तर आरमार जागच्या जागी संपेल. पण द्वाराच्या पलीकडे सेला नावाचा एक लहान चंद्र आहे, तिथे खाण आहे. द्वार फुटलं की ती आग सेलावरही पडणार. हाताशी वेळ नाही. ओरेन रेडिओवर विचारतो, सेलावर कोणी आहे का? उत्तर येतं, "सेलावर कोणी नाही. सगळे निघालेत." मग तो द्वार उडवतो.

म्हणजे तो विचारतो आणि मगच करतो. त्याच्याकडून काही चूक होत नाही. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटलं.

संघर्षला ही ओळ पटली नाही. म्हणाला, "चंद्र रिकामा असेल तर अडचण काय होती? जगभर हा भाग एवढा गाजला कशासाठी?" मी म्हटलं, स्फोट चांगले आहेत. त्याने मान हलवली आणि बोलून टाकलं. त्याला मूळ मालिका बघायला सवड नसते. त्याचा विश्वास माझ्या कागदावर.

आणखी एक गंमत. लहानसहान आवाज देणारी आमची एक मुलगी आहे, ती त्या दिवशी विंचूरला लग्नाला गेली होती. अशा वेळी स्टुडिओत जो हाताशी असेल तो उभा राहतो. एकदा आमच्या चहावाल्याने राजदूताचा आवाज दिला आहे. तर दहाव्या भागात एक ओळ मी बोलले आहे. ओळखता येते का बघा. नाहीच येणार. वरून खरखर घातली आहे.

बघून झालं की दोन ओळी लिहा. योगेशला नका सांगू, तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर बघून खूप वर्षं झाली.

निकी


२ एप्रिल २०२५

नाना,

तुमचं कार्ड आलं.

"चि. निकिता, रेडिओवर तू होतीस. मी आता ही मालिका बघत नाही. धोंडीराम."

मुलीला लिहिताना कोणी खाली असं नाव घालतं? ऑफिसात अर्ज दिल्यासारखं? मी कार्ड उलटं करून बघितलं, पत्त्याच्या बाजूला तरी काही असेल म्हणून. पिनकोड होता.

योगेशला फोन केला. त्याने सांगितलं की तो भाग संपल्यावर तुम्ही टीव्हीची वायर काढून गुंडाळून ठेवलीत. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालात, धरणावर सोड. तो गाडीवरून घेऊन गेला आणि तुम्ही नोकरीतल्या तुमच्या जुन्या गेटच्या केबिनच्या पायरीवर दिवसभर बसून राहिलात, तो न्यायला येईपर्यंत. "काय खाल्लं बी नाय, ताई. म्या इचारलं तर म्हनले, तू तुझी गिरणी बघ." नाना, या वयात उन्हात असं बसतं का कोणी?

मी काय वाईट केलं, हे मला समजत नाही. मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल. एक माणूस होता, त्याच्यावर वेळ आली, त्याने करायचं ते केलं आणि कोणाचाही जीव गेला नाही. एवढंच होतं त्यात. मूळ मालिकेत तसंच आहे. मी पदरचं काहीही घातलेलं नाही. तुम्हाला राग ओरेनचा आला असेल तर तो माझ्यावर का?

दोन महिने मी शनिवारची वाट बघत होते. मागच्या शनिवारी सात वाजता टीव्ही लावला आणि तुम्ही बघत नसाल म्हणून पाच मिनिटांत बंद केला. तुम्हाला हे कळावं म्हणून लिहिते आहे.

निकिता


१३ एप्रिल २०२५

नाना,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मूळ मालिकेत तसं नाही.

मुळात ओरेन विचारतो, सेलावर कोणी आहे का, आणि रेडिओवर एक बाई सांगते, "आम्ही इथेच आहोत. सातशे जण. अजून थोडा वेळ थांबा." ओरेन आपल्याकडे पाठ करून उभा असतो. तो उत्तर देत नाही. अकरा सेकंद काहीच होत नाही, मी घड्याळ लावून मोजली आहेत. मग तो द्वार उडवतो. पुढच्या भागांत त्याचा सत्कार होतो, त्याच्या नावाचं गाणं निघतं आणि तो कुठेही नीट झोपत नाही. परदेशात लोक अजून यावरून भांडतात. कोणी म्हणतं चार लाखांपुढे सातशे काय, कोणी म्हणतं ज्याने असं गणित केलं तो हिरो कसला. त्या मालिकेने स्वतः काही निकाल दिलेला नाही, नुसता त्याचा चेहरा दाखवत राहते. म्हणून तो भाग एवढा गाजला.

ओरेनची पाठ, बाई रेडिओवर, म्हणजे कुठेच ओठ नाहीत. मी एका ओळीत सातशे माणसं काढून टाकली. कोणी मला सांगितलं नव्हतं. स्टुडिओत कोणाला माहीत नाही.

तुमच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते. गावाने शाल-नारळ देऊन ज्याचा सत्कार केला आणि त्याच गावातल्या अर्ध्या लोकांनी ज्याच्या हातचं पाणी पिणं सोडलं, त्या माणसाला एकदा तरी बघायला मिळावं की कोणीतरी गेट उघडलं आणि खाली कोणी नव्हतं. पण हेही अर्धंच आहे. पूर्ण सांगते आता. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो गुरुवार होता, बाजाराचा. वर तीन दिवस पाऊस. मी तुमचा डबा घेऊन दुपारी केबिनवर आले. सकाळपासून वीज नव्हती त्यामुळे इशाऱ्याचा भोंगा वाजत नव्हता, फोन मेला होता, तुमच्या जोडीचा गेटमन साहेबांना आणायला गेला होता. पाणी बांधाच्या माथ्यापासून दोन वीत खाली. धरण मातीचं, पाणी वरून गेलं तर बांधच वाहून जाणार आणि खालचं अख्खं बाजाराचं गाव बुडणार, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आला होतात. आई त्या गावात बाजाराला गेली होती. आणि धरणाच्या खाली नदीच्या मधल्या बेटावर संजनाचं घर होतं. ती, तिचे वडील आणि तिची आई. भोयाची माणसं, मासे धरायची. संजना माझ्या बाकावर बसायची. दर रविवारी आपल्याकडे मासे घेऊन यायची आणि तुम्ही तिच्याशी कधी घासाघीस केली नाहीत. पाणी चढायला लागलं की ते लोक आपणहून काठावर येऊन राहायचे, पण त्या दिवशी आले की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. गेट उघडलं की बेट पाण्याखाली जाणार, आणि पळत जाऊन बघायचं तर अर्धा तास.

तुम्ही गेटचं हँडल धरून मला म्हणालात, "निके, तुझी नजर चांगली हाय. बेटावर कोण हाय का बघ."

मी बघितलं. छपराच्या कडेने धूर येत होता. बारीक, पण होता. चूल पेटलेली होती.

मला आई दिसली, नाना. बाजारात भाजी निवडत बसलेली. मी म्हटलं, "बेटावर कोणी नाही."

मी हँडल फिरवायला पुढे झाले तर तुम्ही माझा हात ढकललात. "याला हात लावू नको. वर रस्त्यावर जा. मागं बघू नको." मी गेले. मागे बघितलं नाही. एकट्याने ते हँडल फिरवायला तुम्हाला किती वेळ लागला असेल, हे मी कधी विचारलं नाही.

चौकशीला साहेब आले तेव्हा मी पंचायतीच्या खिडकीखाली उभी होते. त्यांनी विचारलं, खाली माणसं आहेत हे तुम्हाला माहीत होतं? तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. मला धूर दिसला व्हता. तरी उघडलं." मी ओळखलं की तुम्ही मला वाचवता आहात. तुम्ही माझ्या शब्दावर गेट उघडलं होतं. खोटं बोलले मी आणि बदली झाली तुमची, बढती गेली तुमची, लोकांनी पाठ फिरवली तुमच्याकडे. आणि मी काय केलं? संजनाच्या तिसऱ्या दिवशी, सगळ्या बायकांसमोर, तुमच्याकडे बोट दाखवून ओरडले, "तुम्ही मारलंत तिला." तेच वाक्य कोणी माझ्याकडे बघून बोलण्याआधी मी बोलून टाकलं. मग मावशीकडे नाशकाला निघून आले आणि लोक म्हणाले, पोरगी फार हळवी.

एकोणीस वर्षं मी तुमच्यावर रागावलेली आहे असं तुम्हाला वाटू दिलं. राग नव्हता. तुमच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत नव्हती.

तुम्ही रेडिओवरचा आवाज ओळखलात. खरखर घालून सुद्धा. तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही आणि तेवढं ऐकू आलं. मला तुम्ही बोलावलं नाहीत तरी चालेल. पण हे कळल्यावर मला मुलगी म्हणता येईल का, तेवढं लिहा. नाही म्हणालात तरी लिहा.

निकिता


४ मे २०२५

नाना,

तुमचं उत्तर नाही. तीन आठवडे झाले. योगेश म्हणतो, पत्र त्याने स्वतः तुमच्या हातात दिलं, तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलंत. "रोज खिशात असतंय, ताई. सदरा बदलला की पत्र बी बदलून घेत्यात." यावर मी काय समजायचं ते समजत नाही. तरी झालेलं कळवते.

मालिका आता मोबाइलवरच्या ॲपवर जाणार आहे. तिथे ती कायम राहील. मी आमच्या स्नेहल मॅडमकडे गेले, स्टुडिओ त्यांचा, आणि दहाव्या भागात काय केलं ते सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "निकिता, हे मुंबईच्या चॅनेलवाल्यांना कळलं तर पुढचं काम गेलं समज. तुझं आणि माझंही." मी म्हटलं, कळवा, माझं नाव घालून. मग म्हणाल्या, "आधी नीट करू. मग कळवू." त्यांनी कळवलंही. पुढची मालिका मला मिळणार नाही. ते योग्यच आहे.

संघर्षला मूळ भाग दाखवला. बघून झाल्यावर त्याने माझे कागद माझ्यापुढे सरकवले. मी त्याच्याकडून रिकाम्या चंद्रावरचा विजय बोलून घेतला होता, आणि त्यानंतरचे सगळे भागही त्याने त्याच हिशेबाने बोलले होते. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्याला चांगला केलात. मला तो आधीचाच बरा वाटला. निदान तो त्या बाईचं ऐकून घेतो." मग काचेमागे जाऊन उभा राहिला. स्फोटानंतर ओरेनची एकच ओळ आहे, 'नोंद करा, आदेश माझा होता.' पहिल्या वेळी त्याने ती छाती काढून म्हटली होती. या वेळी अशी म्हटली की रेकॉर्डिंग करणाऱ्याला दोनदा विचारावं लागलं, आवाज आला का.

रेडिओची ओळ राहिली होती. लहान आवाज देणारी मुलगी आली होती, पण मीच म्हटलं, मी बोलते. माईकसमोर उभी राहिले. "आम्ही इथेच आहोत." एवढंच म्हणायचं होतं आधी. पहिली खेप वाया गेली. दुसऱ्या खेपेला संजनाचा चेहरा आला, मासे मोजताना जीभ बाहेर काढायची तसा, आणि मी माईक सोडून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. संघर्ष पाण्याचा ग्लास घेऊन आला. सहाव्या खेपेला जमलं.

पंधरा वर्षांची असताना जे म्हणायला हवं होतं ते मी चौतिसाव्या वर्षी म्हटलं, तेही दुसऱ्याच चंद्राबद्दल. त्याने कोणी परत येत नाही. पण मला ते म्हणायचं होतं.

तुमची आठवण येते, नाना. रोज येते.

निकी


२१ मे २०२५

नाना,

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. चार पानं! योगेश म्हणाला, वीस दिवस लिहीत होतात, फाडत होतात. मी ते आतापर्यंत इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं आहे, तरी खालचं उतरवून काढते. माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही.

"निके, तू चुकीचं समजून बसली. मी साहेबाला खोटं सांगितलं नाय. मला धूर दिसला व्हता. तू डबा घेऊन यायच्या आधी दिसला व्हता. तुला इचारायच्या आधी मी ठरवलं व्हतं. तू 'माणसं हायेत' म्हनली असती तरी मी उघडलंच असतं. तुझ्या शब्दावर काय झालं नाय.

"मग इचारलं कशाला, असं तू म्हनशील. मी त्या केबिनमधी एकटा व्हतो. धूर मला एकट्याला दिसत व्हता. मला वाटलं, अजून एकानं बघावं. दुसरं काय कारण नाय. पंधरा वर्साच्या पोरीला मी ते बघाया लावलं. हात वाचवले तुझे अन् डोळं नाय वाचवले. गेट उघडलं त्याचा मी जाब देईन, कुनी बी इचारू दे. त्याची मला रोज आठवण हाय. संजीची हाय, तिच्या आईबापाची हाय. पण चूक म्हनशील तर ती गेटची नाय. तुला इचारलं ती.

"तू तिसऱ्या दिवशी ओरडली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हिनं सगळं माझ्यावर टाकलं, ही सुटली. तू विसरली असशील असंच धरून चाललो इतके दिवस. घरी येऊन तू लगेच निघायचीस तरी बोललो नाय. म्हटलं, हिला आठवण नको. अन् त्या शनवारी टीव्हीतून तुझा आवाज आला, कुनी नाय म्हनून. तवा कळलं, तू अजून तिथंच माझ्याजवळ उभी हायेस. मला ते बघवंना म्हून वायर काढली. तुझ्यावर राग नव्हता.

"मुलगी म्हनता येईल का, असं इचारतेस. तू मला बाप म्हनशील का?"

नाना, मी हे वाचलं तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ओला टॉवेल तसाच हातात राहिला आणि खालच्या वत्सलाबाई ओरडल्या, पाणी टपकतंय. मला हसू आलं आणि मग मी तिथेच बसून रडले, लहान मुलीसारखी, मोठ्याने. एकोणीस वर्षं मी माझ्या वाट्याची शिक्षा तुम्ही भोगताय म्हणून रडत होते, आणि तुम्ही तुमच्या वाट्याची मी भोगू नये म्हणून गप्प होतात. दोघांनी मिळून काय केलं हे? आईला कळलं असतं तर तिने दोघांना एका खोलीत कोंडलं असतं.

मी शुक्रवारी येते आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. बेटाच्या काठी जायचं आहे मला, तुमच्याबरोबर. तिथे काय करायचं असतं ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसेल, तरी जाऊ.

गेट बरोबर उघडलं की चूक, ते मी सांगू शकत नाही. ओरेनचंही सांगू शकले नाही, म्हणून तर ती ओळ बदलली. पण तुम्ही जिला चूक म्हणता ती मला मान्य नाही. विचारलंत ते बरं केलंत. तो धूर एकट्या माणसाने बघावा असा नव्हता. मीही बघितला, नाना. आपण दोघांनी बघितला.

तुमची मुलगी,
निकी